पाच चतकोर

सोलापूर, ३ डिसेंबर २०२४

प्रा. विजयमाला पुरवत यांस,

आपलं पाकीट पोचलं. हॉस्पिटलच्या शिपायाने ते वॉर्डात आणून दिलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "मॅडम, विद्यापीठातनं आलंय की!" त्याला वाटलं, मला कसलं तरी बोलावणं आलं असणार. एक क्षण मलाही वाटलं. मग पाठवणारीचं नाव वाचलं.

वरचं पत्र वाचलं आहे. आत दोऱ्याने बांधून जो मजकूर ठेवलाय तो उघडलेला नाही, उघडणारही नाही. आपला विभाग आहारशास्त्राच्या मुलींसाठी प्रात्यक्षिकांची पुस्तिका छापतोय, तीत 'चतकोराचा तक्ता' घ्यायचा आहे आणि त्यासाठी माझी सही दहा जानेवारीच्या आत हवी आहे, एवढं कळलं. 'सोबतचा मजकूर नक्की वाच' यातल्या 'नक्की'खाली दोन रेघा मारल्यात, त्याही पाहिल्या. पेपर तपासून तपासून लागलेली सवय असेल.

सही मिळणार नाही.

कारण लिहून ठेवते, म्हणजे आपल्या फाइलला लावता येईल. तो तक्ता माझा आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, मधुमेहाच्या रुग्णाने दोन फुलके खावेत. माळशिरस, करमाळा, अक्कलकोटहून आमच्या वॉर्डात येणाऱ्यांपैकी फुलके खातं कोण? ही सगळी ज्वारीच्या भाकरीची माणसं. किती भाकरी खाता विचारलं तर म्हणायचे, "येक आन चतकोर." एक भाकरी आणि वर पाव. ते 'चतकोर' मी पकडलं. स्वयंपाकघरातल्या बजाबाईंकडून भाकरी थापून घेतली, तिचे चार भाग केले, काट्यावर ठेवले. एक चतकोर तीस ग्रॅम. मग कागदावर गोल काढून त्यात अधिकचं चिन्ह मारलं, आणि जेवढे खायचे तेवढे चतकोर रंगवून रुग्णाच्या हातात दिले. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळलं. वॉर्डातल्या त्या आहाराच्या टेबलावर आपण दोघी नऊ वर्षं बसलो, त्यातली सात हा तक्ता चालला. आपण फार तर रंगाच्या पेन्सिली आणून दिल्या असतील.

आणि जून २०२३ला एकाच जागेसाठी दोघींनी मुलाखत दिली, दोघींच्या हातात तोच तक्ता होता, आणि जागा आपल्याला मिळाली. म्हणजे माझ्या तक्त्यावर आपण सहायक प्राध्यापक झालात. आता तो छापायचा आणि वर माझीच सही मागायची?

फोन करत बसू नये. नंबर मी दीड वर्षापूर्वीच ब्लॉक केला आहे. हे पत्र एवढ्यासाठीच, की नकार कागदावर असावा.

आपली,
दाक्षायणी हत्तुरे
आहारतज्ज्ञ (अजून तीच)


१४ डिसेंबर

विजयमाला,

पोस्टकार्ड आलं. अख्ख्या कार्डावर एक ओळ: "दाक्षे, पान सतरा वाच की." ना मायना, ना सही. प्राध्यापक झालीस तरी करकंब गावची 'की' काही सुटली नाही तुझी. मला हसू आलं, आणि मग हसू आलं म्हणून राग आला.

'आपण-आपण' लिहिणं मला जमत नाही. बारा वर्षं जिला अगं-तुगं केलं तिला एका पाटीमुळे अहो-जाहो करायचं, तर हात अडखळतो.

पान सतरा मी वाचणार नाही. काय असणार त्यात? माझा तक्ता, आणि खाली बारीक अक्षरांत 'माझ्या एका सहकारी मैत्रिणीचे आभार'. ते आभार तुझे तुलाच ठेव.

मला तुझा हेवा वाटतो, विजयमाला. लिहून टाकलं एकदाचं. आडून आडून किती दिवस बोलायचं? विभागाच्या उद्घाटनातला तुझा शाल-नारळाचा फोटो आला, तो मला दाखवला कोणी, तर आमच्या गुरुराजने. चहा पिता पिता मोबाईल पुढे करून म्हणतो, "ही तुझी मैत्रीण ना? चांगलं झालं की हिचं." तीन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. बिचाऱ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही, त्याचं काय चुकलं ते. तुला मुली 'मॅडम' म्हणून उठून उभ्या राहतात. मला पंधरा वर्षं शिकून, पांढरा कोट घालून, रुग्ण अजून "ओ सिस्टर" म्हणतात, आणि त्यातल्या त्यात मान देणारे "भाकरीवाल्या बाई".

कॉलेजात पहिली कोण यायची? मी. वसतिगृहात माझ्या पलंगावर आडवी पडून "मला न्हाय जमायचं बाई हे जीवनसत्त्वांचं" असं कोण रडायची? तू. मग नेट तू पहिल्या फटक्यात पास होतेस आणि मी सेट तिसऱ्या वेळेला, हे कसं? नोकरी, घर, अभ्यास दोघींनाही सारखंच होतं. तुला कधी झोप यायची नाही का गं पुस्तक उघडल्यावर?

एक सांगते, ते सांगायचं नव्हतं. सप्टेंबरमध्ये मी तुझ्या विभागात आले होते. सात रस्ता चौकातून बस धरली, गुरुराजला सांगितलं बँकेत जाते. तुझ्या नावाची पाटी बघितली. वर्गाच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिले. तू आत कॅलरी शिकवत होतीस आणि म्हणालीस, "तक्त्यातलं पोट आणि माणसाचं पोट कधी एकमेकांना भेटलेलं नाही." तीस मुली खो-खो हसल्या. अगं, ते वाक्य माझं आहे! वॉर्डात पहिल्यांदा मी बोलले होते, आणि तेव्हा फक्त तू हसली होतीस. मी तशीच परत फिरले. बसमध्ये बसल्यावर कळलं, छत्री तुझ्या वर्गाबाहेर राहिली. निळी, एक काडी मोडलेली. सापडली असेल तर ठेव.

तू पहिल्यापासून तशीच. दुसऱ्या वर्षी जैवरसायनाची प्रयोगवही तू माझ्यावरून उतरवून घ्यायचीस, ती जशीच्या तशी, माझ्या चुकांसकट. दोघींच्या वहीत सारखीच चूक बघून कुलकर्णी बाईंनी आपल्याला उभं केलं होतं, आठवतं? कोणी कोणाचं उतरवलं, विचारलं. तेव्हा तू म्हणालीस,

ते जाऊ दे. त्याचा इथे काही संबंध नाही.

सही नाही म्हणजे नाही.

दाक्षायणी


२१ डिसेंबर

विजू,

उघडलं. पान सतरा वाचलं.

हे तुला करायला कोणी सांगितलं होतं?

दा.


अक्कलकोटजवळ, अप्पांच्या शेतावरून
३० डिसेंबर, येळवस

विजू,

आज येळवस, वेळा अमावास्या. सगळं माहेर शेतात आलंय. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, आंबील झाली, भज्जी झाली, आता मंडळी बांधावर आडवी झालीत. मी चिंचेखाली बसून लिहिते आहे. मघाशी अव्वाने "ऊटा माडव्वा, जेव गं बाई" म्हणत माझ्या हातावर कडक भाकरी ठेवली, आणि मला ती तोंडात घालवेना.

पान सतरा मला आता पाठ आहे. वर ठळक अक्षरांत: 'चतकोराचा तक्ता: संकल्पना व मांडणी दाक्षायणी हत्तुरे.' बारीक अक्षर नाही, आभार नाहीत. आणि खाली: 'हा तक्ता वापरताना माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. मुलाखतीच्या दिवशी मी ती निवड समितीला सांगितली, आणि आजही दर वर्षी पहिल्या तासाला सांगते.' आणि मग सगळा धोंडीरामबाबांचा प्रसंग.

माझ्या हातून. तुझ्या?

तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून काढते. आजवर मी हे तोंडाने कधी उच्चारलेलं नाही.

फेब्रुवारी २०२३. धोंडीरामबाबा, माळशिरसकडचे, मेंढरं राखणारे. नवीन इन्सुलिन सुरू झालेलं. घरी सोडताना मी त्यांना कागद दिला: सकाळी पाच चतकोर, संध्याकाळी पाच चतकोर. रंगवून दिला. खाली टेबलाचा शिक्का. दहाव्या दिवशी त्यांना बेशुद्ध आणलं. मेंढरांमागे चालता चालता कोसळले होते. साखर अडतीस. ग्लुकोज लावलं तेव्हा डोळे उघडले. आणखी अर्धा तास रस्त्यात गेला असता तर उघडले नसते.

सगळ्यांना वाटलं, म्हातारा उपाशी राहिला असेल. मीही त्यांच्या बायकोवर, केराबाईंवर डाफरले, "मावशी, जेवायला घातलं नाहीत का?" ती बाई रडकुंडीला आली. "घातलं की वो! तुमी चितरून दिल्यापरमानं, पाच म्हंजी पाच. येक बी कमी न्हाय." मी कपाळाला हात लावला. तू लावला नाहीस. तू तिच्याशेजारी जमिनीवर बसलीस आणि विचारलंस, "कसली भाकरी, मावशी? दावा की."

तिने गाठोडं सोडलं. आत कडक भाकरी. सोलापुरात दिलेल्या लेकीने बापाला रानात टिकावी म्हणून थप्पीच्या थप्पी करून दिलेली. पापडासारखी पातळ. तिच्या चतकोरात बजाबाईंच्या जाड भाकरीच्या निम्मंसुद्धा पीठ नाही. म्हाताऱ्याने इमानेइतबारे मोजून पाच तुकडे खाल्ले, इन्सुलिन पुरतं घेतलं आणि कोसभर चालला.

विजू, मी कडक भाकरीच्या घरात वाढले. आमच्या माळ्यावर तिचा डबा बारा महिने असतो. पुण्या-मुंबईच्या आहारतज्ज्ञाने ही चूक केली असती तर लोकांनी माफ केली असती. मी केली. काट्यावर एक भाकरी ठेवली आणि समजले, साऱ्या जिल्ह्याची भाकरी मोजली.

पुढचं तर आणखी वाईट. डॉक्टर कागद हलवत आले, "हा कोणी दिला?" मी बेसिनपाशी हात धूत होते. हात स्वच्छ झाले होते, तरी धूत राहिले. तू म्हणालीस, "आमच्या टेबलावरून गेलाय, सर." आमच्या. बोलणी दोघींनी खाल्ली. संध्याकाळी तू म्हणालीस, आता भाकरी कसली ते विचारल्याशिवाय कागद द्यायचा नाही. तसा नियम आपण केला. कधी कोणापुढे तुझं नाव घेतलं नाही मी, पण केलास तू.

आणि मुलाखत. त्यांनी मला विचारलं, हा तक्ता कधी फसला आहे का? मी म्हटलं, "नाही सर, एकदाही नाही." बाहेर आले. तू बाकावर बसली होतीस, तुझा नंबर पुढचा. मी तुला बाजूला घेऊन काय सांगितलं ते पान सतरावर तू लिहिलेलं नाहीस. मी लिहिते. मी म्हटलं, "ते विचारतील, कधी फसला का. मी नाही सांगितलंय. तूही नाही म्हण, नाहीतर माझं वाटोळं होईल."

तू मान हलवलीस आणि आत गेलीस.

दीड वर्ष मी समजत होते, तू माझा तक्ता दाखवून जागा घेतलीस. तू तर चूक दाखवलीस. खरं सांगितलं तर मी खोटारडी ठरणार, खोटं सांगायचं तर तुला जमणार नाही, म्हणून तू ती स्वतःच्या अंगावर घेतलीस. आणि जे मी पदराखाली लपवलं, नेमकं त्याच्यासाठी त्यांनी तुला घेतलं.

आता मी काय करू? तुझे पाय धरू? खरं सांगू का, पान सतरा वाचून मला आधी लाज नाही वाटली. आधी जळफळाट झाला. म्हटलं, हिने माझी चूकसुद्धा नेली.

अव्वा विचारतेय, कोणाला एवढं लिहितेस. मी म्हटलं, उसाच्या करकंबच्या एका बाईला.

दाक्षी


सोलापूर, ८ जानेवारी २०२५

विजे,

काल धोंडीरामबाबांचा तपासणीचा दिवस होता. दर तीन महिन्यांनी येतात, आणि दर वेळी मी कागद रंगवून देते आणि खाली मान घालून बसते. काल मी खुर्ची सोडून त्यांच्या बाकावर जाऊन बसले. केराबाई शेजारी होत्या. म्हटलं, "मावशी, बाबा पडले होते ना, तो कागद मी दिला होता. कडक भाकरीचं विचारायला मी विसरले. चूक माझी होती."

म्हातारीने गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमी व्हय? आमास्नी वाटलं ती दुसरी बाई. ती तर तवाच आमच्या वाड्यावर आली हुती की. मेंढरात बसून रडली. म्हणली, मावशी माझं चुकलं."

माळशिरसपर्यंत गेलीस! तिथेही माझ्या आधी! अगं, माफी मागायला तरी मला पहिलं जाऊ द्यायचं होतंस!

मी असं काही केराबाईंना म्हटलं नाही, पण तोंडावर दिसलं असावं. कारण त्या म्हणाल्या, "जाऊ द्या वो, आता कशाला? म्हातारा हाय की जित्ता." आणि धोंडीरामबाबा म्हणाले, "दोघी बी म्हणता माजं चुकलं, माजं चुकलं. अवो, चित्तर लई झ्याक काढता तुमी, तेवढं बोला की." मी त्यांना कागद रंगवून दिला. आधी विचारलं, भाकरी कसली.

तर आता सहीचं.

संमतीपत्र सोबत आहे. सही केली आहे. पण पान सतरा मी दुरुस्त केलंय. 'माझ्या हातून' हे दोन शब्द खोडून त्या जागी 'दाक्षायणी हत्तुरे यांच्या हातून' लिहिलंय, आणि 'कसली भाकरी?' हा प्रश्न विजयमाला पुरवत यांनी विचारला, हे एक वाक्य घातलंय. पेनाने, पेन्सिलने नाही. तसं छापणार असशील तरच सही धर, नाहीतर फाडून टाक.

तुझे विभागप्रमुख त्या दिवशी समितीत होते. ते वाचतील आणि त्यांना कळेल की हत्तुरे बाई तोंडावर खोटं बोलल्या. पुढे कधी विभागात जागा निघाली तर मला ते उभं करणार नाहीत. तुलाही विचारतील, की तू खोटं का सांगितलंस. तुझ्यावर येईल म्हणून मी चार दिवस हे दुरुस्त केलेलं पान पर्समध्ये घेऊन फिरले. मग ठरवलं, तुझं तू बघ. तुझी काळजी करून मला पुन्हा बेसिनपाशी हात धूत उभं राहायचं नाही.

मी बदलले वगैरे समजू नकोस. तुझी पाटी आठवली की अजून पोटात दुखतं. तीस मुली हसल्या ते आठवलं की जास्त दुखतं. हे काही बरं होईल असं वाटत नाही.

कुलकर्णी बाईंनी उभं केलं त्या दिवशी मी जिथे थांबले होते ते वाक्य आज पुरं करते. तू म्हणालीस, "बाई, चूक माझी हाय, दाक्षीनं माझ्यावरनं उतरवलं." आणि तासभर वर्गाबाहेर उभी राहिलीस. मी आत बसून पुढचा प्रयोग लिहून घेतला, सुवाच्य अक्षरात. रात्री तू तोही उतरवून घेतलास.

बारा वर्षं तू माझी वही उतरवते आहेस, विजे, चुकांसकट. नोकरी तुझी, खुर्ची तुझी, मुली तुझ्या, तो विनोदसुद्धा ठेव. ही चूक तेवढी माझी आहे. ती मला परत दे.

तुझी,
दाक्षी

ता.क. जुलैत नवा वर्ग सुरू होईल तेव्हा पहिल्या तासाला ती चूक सांगायला मी येईन. तू मागच्या बाकावर बसायचं. नंबर ब्लॉकमधून काढलाय. माझी छत्री काढून ठेव.